अर्ध्यावरची खाच

मास्तरांनी उभ्या जन्मात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. बाजाराच्या वळणावर, घड्याळं दुरुस्त करणारा आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधोमध. दोन पायऱ्या चढून आत गेलं की समोर फ्रेमांचं कपाट, उजवीकडे आरसा, आणि मागच्या भिंतीवर वरून खाली बारीक होत जाणारी अक्षरं. 'मास्तर' हे नाव त्यांना पडलं ते फोनवरच्या, विमानांच्या गेमच्या ग्रुपवर. तिथे कुणी काही चुकीचं लिहिलं की मास्तर ते उतरवून घ्यायचे, चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ मारायचे आणि परत सगळ्यांपुढे टाकायचे. दुरुस्ती बिनचूक असायची, त्यामुळे लोक चिडायचे आणि मानायचेही.

दुकानात मात्र हा माणूस अगदी वेगळा. त्यांच्या वडिलांनी गल्ल्यावर बसवताना एकच गोष्ट शिकवली होती. यंत्र काहीही आकडा दाखवो, डोळा गिऱ्हाइकाचा. भिंग बदलत राहायचं आणि विचारत राहायचं, "हे बरं, की आधीचं बरं?" तो जे सांगेल ते लिहायचं, हुज्जत घालायची नाही. एकतीस वर्षं मास्तर हाच प्रश्न विचारत आले होते. एखाद्या आजीबाईंनी बावीस वेळा भिंग बदलायला लावलं तरी त्यांच्या कपाळावर आठी चढत नसे.

ती आठी घरी, मागच्या खोलीत ठेवलेली असायची. तिथे त्यांचं विमान होतं. केस कापायच्या दुकानातून मोडीत निघालेली उंच खुर्ची, पुढे मोठा पडदा, गुडघ्यांच्या मधे जॉयस्टिक, पायाखाली स्वतः ठोकून बनवलेल्या दोन लाकडी पट्ट्या. कानाला हेडफोन लावून मास्तर बसले की पलीकडून बायकोची हाक ऐकू येत नसे. ती मग दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायची.

"अहो, उतरा आता. जेवण निवतंय."

"अगं, मागे दोन लागलेत माझ्या!"

"त्यांनाही बोलवा. भात आहे भरपूर."

रविवारी सकाळी आठ ते अकरा ग्रुपची लढाई असे. चाळीसेक माणसं, कुणी बँकेतला, कुणी बेकरीवाला, कुणी दातांचा डॉक्टर. सगळ्यांचं प्रेम एका जुन्या, एका इंजिनाच्या लढाऊ जेटवर होतं. त्याचं खरं नाव अक्षर आणि आकड्यांचं होतं, पण त्याचे काटकुळे लांब पाय बघून कुणीतरी त्याला 'टिटवी' म्हटलं आणि तेच चिकटलं. सकाळी लढाई, आणि मग दिवसभर तिच्यावर चर्चा.

"टिटवी वळणात मार खाते."

"वळवतोस कशाला? वर जा, उलटा हो, खाली ये. टिटवी आहे ती, घार नाही."

"याच्या हातात दिली तर घारसुद्धा कोंबडी होईल."

ग्रुप चालवणारा बेकरीवाला. त्याला सगळे 'टॉवर' म्हणत, कारण भांडण झालं की तो दोघांनाही जमिनीवर उतरवायचा. आणखी एक होता 'पॅराशूट'. तो दर लढाईत विमान सोडून उडी मारूनच परत यायचा.

त्या रविवारी पॅराशूटनं चक्क विमान परत आणलं होतं, पण त्याच्या टिटवीला गोळ्या लागल्या होत्या आणि चाकं खाली येईनात. शेवटी पोटावर घसरला. दुपारी त्यानं ग्रुपवर विचारलं, "चाकं सोडायची ती आपत्कालीन दांडी नेमकी कशी ओढायची रे?"

मास्तर उत्तर लिहीतच होते, तेवढ्यात एक संदेश आला. महिनाभरापूर्वी ग्रुपवर आलेले एक म्हातारे गृहस्थ होते. फोटोच्या जागी त्यांनी नुसता एक पान्हा लावला होता, म्हणून ते 'पान्हाकाका'. एरवी ते गप्प असत. त्यांनी लिहिलं होतं:

"दांडी एकदम ओढू नये. अर्ध्यावर थांबावे. तीन मोजावे. मग पूर्ण ओढावी. मी टिटवीवर एकोणीस वर्षे काम केले आहे."

मास्तरांना हे कुठेच वाचल्याचं आठवेना. गेमबरोबर आलेली दोनशे चौदा पानांची पुस्तिका त्यांना जवळजवळ तोंडपाठ होती. त्यांनी पान एक्क्याण्णव उघडलं. 'दांडी एका झटक्यात शेवटपर्यंत ओढा.' त्याखाली लाल रेघ मारली, फोटो टाकला. मग खेळात टिटवी उडवून, एका झटक्यात दांडी ओढून, चाकं अलगद खाली येताना दाखवणारा व्हिडिओ टाकला. इथे थांबले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण बोटं थांबली नाहीत. त्यांनी खाली लिहिलं:

"काका, विमान धुणं वेगळं आणि विमान जाणणं वेगळं."

ग्रुपवर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. पॅराशूटनं लिहिलं, "मास्तरांनी काकांना उतरवलं, तेही चाकं न काढता!" त्यावर आणखी हसू.

बऱ्याच वेळानं पान्हाकाकांचा संदेश आला. "बरं. माझेच चुकले असेल." आणि त्याखाली बारीक अक्षरांत ओळ उमटली, की हे सदस्य आता ग्रुपवर नाहीत.

मास्तर त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. जेवताना बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "त्यांनी कुठे केलं होतं काम?"

"कुणी?"

"त्या काकांनी. एकोणीस वर्षं म्हणालात ना?"

"म्हणे एकोणीस वर्षं. इथे काय, कुणीही काहीही म्हणतो."

"म्हणजे तुम्ही विचारलं नाहीत," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

तो प्रश्न तेवढ्यापुरता मास्तरांना माशीसारखा वाटला. हात हलवला, उडाली. पण माशी घरातच होती. अधूनमधून, भिंग घासताना, स्क्रू आवळताना, तो 'बरं' आठवायचा. त्यांच्या दुकानात दिवसातून पन्नास वेळा हा शब्द उच्चारला जायचा. बरं दिसतंय, बरं वाटतंय. पण त्या 'बरं'मध्ये काही बरं नव्हतं.

चार महिने गेले. टॉवरला खबर लागली की दोन तासांच्या अंतरावर असलेल्या एका तंत्रशाळेच्या शेडमध्ये खरीखुरी टिटवी उभी आहे. मुलांना शिकवायला ठेवलेली. परवानगी मिळाली. आयत्या वेळी बाकीचे गळाले आणि मास्तर नि टॉवर दोघेच बसनं गेले.

शेडमध्ये पाऊल टाकताच मास्तरांचा ऊर भरून आला. देवळात शिरताना माणूस नकळत आवाज खाली करतो, तसे ते कुजबुजायला लागले. रंग उडालेला, टायर बसलेले, पण पाय तेच, काटकुळे, लांब. तिथले शिकवणारे सर हसून म्हणाले, "बसा की आत."

मास्तर शिडी चढले. हजार तास ज्या जागेत काढले असं ते सांगायचे, त्या जागेत त्यांचे गुडघे मावेनात. कोपर आपटलं. जुन्या रबराचा आणि तेलाचा वास नाकात बसला. हा वास पडद्यात नव्हता. त्यांनी एकेक यंत्र बोटानं शिवून पाहिलं, आणि मग डाव्या गुडघ्याजवळची ती पिवळी दांडी धरली. ओढली.

दांडी अर्ध्यावर येऊन थांबली.

मास्तरांना वाटलं गंजली असेल. जोर लावला. हलेना. मग चुकून हात थोडा आत वळला, खट् असा आवाज झाला आणि दांडी शेवटपर्यंत आली. त्यांनी ती परत ढकलली, परत ओढली. परत अर्ध्यावर थांबली.

खिशातलं भिंग काढून ते वाकले. दांडीच्या पट्टीत एक खाच होती, कारखान्यात पाडलेली नव्हे. कानसेचे घाव स्पष्ट दिसत होते. आयुष्यभर फ्रेमांवर कानस चालवलेल्या माणसाला ते वाचता येत होते. घाव उलट्या बाजूनं तिरपे होते. पाडणारा डावरा होता.

"सर," त्यांनी वरून विचारलं, "ही खाच कसली?"

"ती होय? पुस्तकात नाही मिळायची तुम्हाला. पुस्तक आधी छापलं गेलं." सर शिडीला टेकून सांगू लागले. "टिटवीचे पाय पोटात दोन झडपांआड दुमडलेले असतात. दांडी एकदम ओढली की कधीकधी झडप उघडायच्या आत पाय सुटतो, झडपेवर आदळतो आणि अडकतो. एक पाय खाली, एक वर. असं उतरताना एक पोरगा गेला म्हणतात. मग तळावरच्या मेकॅनिकनं दहाबारा विमानांना हातानं खाच पाडून दिली. अर्ध्यावर थांबायचं, तीन मोजायचे, झडपा उघडू द्यायच्या, मग ओढायचं."

"नाव काय त्या मेकॅनिकचं?"

"नाव कोण लिहून ठेवतंय हो?"

परतीच्या बसमध्ये मास्तर खिडकीबाहेर बघत बसले. टॉवरनं डबा उघडून केकचा तुकडा पुढे केला. "मास्तर, सोडा हो. गेममध्ये तर पुस्तकाप्रमाणेच आहे ना? मग गेमपुरते तुम्ही बरोबर."

"मी त्यांना धुणारा म्हटलं, रे."

"कोण लक्षात ठेवतंय ते आता?"

मास्तरांनी तुकडा हातात धरला, पण खाल्ला नाही.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाही टोकलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "मग हे मला कशाला सांगताय? मी का ते काका आहे?"

"देवापुढेही कबूल केलं मी आज."

"ते चांगलंच केलंत. पण देव तुमच्यावर हसणारे चेहरे टाकत नाही. त्याच्यापुढे चुकलो म्हणायला काय लागतं?"

हे खरं होतं. देवाला सगळं आधीच ठाऊक असतं. त्याला नव्यानं सांगायचं नसतं, म्हणून तिथे जीभ सैल सुटते. माणसापुढे ती टाळूला चिकटते. मास्तरांनी आठ दिवस फोनवर माफीचे शब्द लिहिले आणि पुसले. नवव्या दिवशी टॉवरकडून नंबर घेतला आणि दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून फोन लावला. एका बाईनं उचलला.

"मी... विमानांच्या ग्रुपवरचा. चष्मेवाला."

"मास्तर?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

ती पान्हाकाकांची मुलगी होती. शिवणकामाच्या कारखान्यात कापड बेतायचं काम करायची. दुसऱ्याच दिवशी ती घरी असताना मास्तर गेले. तिसरा मजला, अरुंद जिना, दारापाशी चपलांची नीट लावलेली जोडी. तिनं त्यांना आत घ्यायच्या आधी दारातच थांबवलं आणि हळू आवाजात म्हणाली,

"एक सांगते, मग आत या. बाबांना बारीक दिसत नाही. ते सांगायचे, मी लिहायची. तुमचं उत्तरही मीच वाचून दाखवलं. हसणारे चेहरे आले तेव्हा त्यांनी विचारलं, किती आले? मी मोजून सांगितलं. सतरा. खोटं सांगायला हवं होतं मी. सुचलंच नाही."

मास्तरांनी चपला काढून त्या जोडीशेजारी ठेवल्या.

"आधी घरात त्यांचाच शब्द चालायचा. नळ असा फिरव, स्क्रू तसा आवळ. वैताग यायचा मला. आता कडी लावली का, तीनतीनदा विचारतात. गॅस बंद केला का विचारतात. स्वतः बंद करतात आणि मला विचारतात."

आत खिडकीजवळ काका बसले होते. हाडापेरानं मोठे, हात पंख्यासारखे रुंद. मास्तर समोर वाकले. "काका, मी तो चष्मेवाला. तुमचा अपमान केला मी. मी चुकलो होतो, तुम्ही बरोबर होतात. मी स्वतः जाऊन बघून आलो. दांडी अर्ध्यावर थांबते."

काका नम्रपणे हसले. "असेल. तुम्ही म्हणता तर तसंच असेल."

"मी म्हणतो म्हणून नाही हो! तुम्ही म्हणालात!"

"मी म्हणालो असेन." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "म्हणालो होतो का गं?"

मास्तरांनी पिशवीतून एक वस्तू काढली. आठ दिवसांत दुकानात बसून बनवली होती. लाकडी ठोकळा, त्यात पितळी पट्टी, पिवळी रंगवलेली दांडी, आणि शेडमधून कागदावर उतरवून आणलेल्या मापाची हुबेहूब खाच. त्यांनी ती काकांच्या उजव्या हाताशी टेबलावर ठेवली.

काकांनी ती चाचपली. मग डावा हात पुढे केला. मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हातानं दांडी धरली, ओढली, अर्ध्यावर थांबवली. ओठ हलले. एक, दोन, तीन. मनगट जरासं आत वळलं आणि दांडी खट् करून शेवटपर्यंत आली. एवढं सराईत वळण मास्तरांना हजार तासांत कधी जमलं नसतं.

मुलीनं पदर डोळ्यांना लावला. काकांनी मात्र मान वर केली आणि मास्तरांना विचारलं,

"चुकलं तर नाही ना?"

मास्तर घरी आले ते तडक मागच्या खोलीत गेले. ग्रुपवर त्यांनी आपलं ते जुनं वाक्य शोधून काढलं, 'विमान धुणं वेगळं आणि विमान जाणणं वेगळं', त्याखाली लाल रेघ मारली आणि फोटो टाकला. खाली लिहिलं: "चूक माझी. अर्ध्यावर थांबायचं, तीन मोजायचे, मग ओढायचं. ती खाच डाव्या हातानं पाडलेली आहे आणि काका डावरे आहेत." लोकांनी हात जोडले, फुलं टाकली. पॅराशूटनं लिहिलं, "मास्तर, यावेळी तुम्हीच पोटावर!" हसणारे चेहरे आले. मास्तरांनी ते मोजले. नऊ आले. सतरा व्हायला आठ कमीच पडले.

त्यानंतर दर रविवारी आठ ते अकरा मास्तरांची खुर्ची रिकामी राहू लागली. ते काकांकडे जायचे. काका टिटवीबद्दल काही सांगायचे आणि मधेच थांबायचे. "बरोबर आहे ना?" मास्तर म्हणायचे, "बरोबर आहे, काका." जन्मभर इतरांच्या चुका काढलेल्या तोंडाला आता एवढंच वाक्य उरलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते म्हणताना त्यांना जाणवायचं की हा प्रश्न या माणसाच्या तोंडी आपण घातलाय.

एका रविवारी ते डोळे तपासायची पेटी घेऊन गेले. काकांचा चष्मा सात वर्षांचा जुना होता. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला, काकांच्या नाकावर चाचणीची जड फ्रेम चढवली, भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं.

"काका, हे बरं, की आधीचं बरं?"

"तुम्हीच सांगा," काका म्हणाले.

मास्तरांचा हात तसाच राहिला. एकतीस वर्षांत हे उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. लहान मुलांनी दिलं नव्हतं, अर्धवट झोपेत आलेल्यांनी दिलं नव्हतं. आपल्याला काय दिसतं हेसुद्धा दुसऱ्याला विचारायचं, इथवर हा माणूस आला होता.

"मला कसं कळणार, काका? डोळा तुमचा आहे."

"पण यंत्र असेल ना तुमच्याकडे."

"आहे. यंत्र चुकतं." मास्तरांनी भिंग पुन्हा बदललं. "हे? की आधीचं?"

काकांनी मान पुढे काढून तक्त्याकडे पाहिलं. स्वयंपाकघरात मुलगी काहीतरी धुवत होती, तो आवाज थांबला. मास्तर थांबून राहिले. 'हेच बरं ना?' एवढं म्हणायची त्यांची जीभ शिवशिवत होती. त्यांचा एकतीस वर्षांचा अंदाजही दुसऱ्या भिंगाच्याच बाजूनं होता. त्यांनी ते शब्द गिळले. भिंग बदललं. पुन्हा विचारलं. सहाव्यांदा, सातव्यांदा.

"आधीचं," काका शेवटी पुटपुटले. मग जरा घसा खाकरून, "आधीचं बरं होतं. यात अक्षरांना दुहेरी कड येते."

मास्तरांनी हुज्जत घातली नाही. वहीत काकांनी सांगितलेल्या भिंगाचा नंबर लिहिला, पेटी मिटली, आणि पुढच्या रविवारी चष्मा घेऊन येतो म्हणून निघाले.

ते जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर होते, तेव्हा मागे दार लागलं आणि आतून काकांचा आवाज आला.

"अगं, नंबर सांगितला मी. बरोबरच सांगितला ना?"

मुलीचं उत्तर ऐकू आलं नाही. मास्तर कठडा धरून वळले. वर जावं, दार वाजवावं, म्हणावं, बरोबर आहे काका. एक पाय त्यांनी वर टाकलाही. मग त्यांना वाटलं, आता हेही आपणच सांगायचं का? ते दोन पायऱ्यांवर दोन पाय ठेवून तसेच अर्ध्यावर उभे राहिले, पेटी छातीशी धरून, आतून काका स्वतः काही म्हणतायत का ते ऐकत.